हिऱ्याचा रंग व स्वच्छता यांच्या प्रतवारीचा इतिहास : रत्नपरीक्षा ते प्रयोगशाळेचा अहवाल

प्रस्तावना :

हिरा हे रासायनिकदृष्ट्या कार्बनचे स्फटिकरूप होय. असे असले तरी समान वजनाच्या दोन हिऱ्यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक असू शकतो. हा फरक मुख्यतः रंग, स्वच्छता आणि पैलूकाम यांवर अवलंबून असतो. त्यांपैकी पैलूकामाचा परिणाम सामान्य ग्राहकाला काही प्रमाणात दिसतो. रंगातील व स्वच्छतेतील सूक्ष्म भेद मात्र त्याला सहसा दिसत नाहीत. त्यामुळे हिऱ्याचा ग्राहक नेहमीच दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विसंबून राहिला आहे. हा शब्द कधी शास्त्र जाणणाऱ्या परीक्षकाचा होता, कधी खाणीवरील व्यापाऱ्याचा, तर आज तो प्रयोगशाळेच्या छापील अहवालाचा आहे. या दृष्टीने पाहिल्यास हिऱ्याच्या प्रतवारीचा इतिहास हा विश्वासाच्या संस्थांचाही इतिहास ठरतो.

प्रतवारी ही विसाव्या शतकातील अमेरिकेची देणगी आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. आज जगभर वापरली जाणारी परिभाषा तेथे घडली हे खरे आहे. तथापि हिऱ्याचे वजन, रंग व स्वच्छता स्वतंत्रपणे पाहून त्यावरून मूल्य ठरविण्याची पद्धत भारतात त्याच्या कित्येक शतके आधीपासून रूढ होती. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन परंपरांमधील सातत्य आणि भेद यांचा शोध घेतला आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१. प्राचीन व मध्ययुगीन भारतातील हिरेपरीक्षेचे निकष समजून घेणे.
२. रंग व स्वच्छता यांच्या आधुनिक प्रतवारीची निर्मिती आणि कार्यपद्धती यांचा आढावा घेणे.
३. प्रतवारीचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, याचे ऐतिहासिक विवेचन करणे.

संशोधन पद्धती : प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून संस्कृत रत्नशास्त्रीय ग्रंथ, प्रवासवर्णने आणि आधुनिक रत्नविज्ञानविषयक साहित्य यांचा आधार घेतला आहे.

१. प्राचीन भारतातील रत्नपरीक्षा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात राजकोशात जमा करावयाच्या रत्नांच्या परीक्षेचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे हिऱ्याचे रंग परिचित वस्तूंच्या उपमेने सांगितले आहेत. मांजराचा डोळा, शिरीषाचे फूल, गोमूत्र, गोमेद, शुद्ध स्फटिक यांच्याशी हिऱ्याच्या रंगाची तुलना केली आहे. मोठा, जड, आघात सहन करणारा, समान कोनांचा, भांड्यावर ओरखडा काढणारा आणि चकाकणारा हिरा उत्तम मानला आहे. ज्याचे कोन नष्ट झाले आहेत, ज्याला धार नाही किंवा जो एका बाजूला झुकला आहे, तो हिरा निकृष्ट ठरविला आहे. कोशाध्यक्षाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नव्हता. राज्याच्या संपत्तीची नोंद व तिची सुरक्षितता त्याच्याशी निगडित होती.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत स्वच्छतेचा विचार अधिक स्पष्ट झालेला दिसतो. कावळ्याच्या पावलासारखी खूण, माशीसारखा ठिपका, केसासारखी रेषा, खडीचा कण, इतर धातूचा अंश हे हिऱ्याचे दोष म्हणून सांगितले आहेत. दोषांना दिलेली ही नावे लक्षणीय आहेत, कारण आधुनिक प्रतवारीतही दोषांची नावे आकारावरूनच पडली आहेत. पिसासारख्या भेगेला ‘फेदर’, सुईसारख्या स्फटिकाला ‘नीडल’ आणि सूक्ष्म कणांच्या समूहाला ‘क्लाउड’ म्हणजे ढग असे म्हणतात. नुसत्या डोळ्यांनी पाहणारा परीक्षक आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणारा तंत्रज्ञ या दोघांनीही न कळणाऱ्या खुणेला कळणाऱ्या वस्तूचे नाव दिले.

बृहत्संहितेत वजनानुसार किमतीचे कोष्टकही आढळते. आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तंडुल, आणि वीस तंडुल वजनाच्या हिऱ्याची किंमत दोन लक्ष, असे तेथील प्रमाण आहे. वजन दोन-दोन तंडुलांनी कमी होत गेल्यास किंमत कोणत्या अंशाने उतरते, हेही सांगितले आहे. मोठ्या हिऱ्याची किंमत वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, हे तत्त्व त्या काळी ज्ञात होते असे यावरून म्हणता येते.

बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षा या ग्रंथात सहा टोके, आठ पृष्ठे आणि बारा धारा असलेला हिरा श्रेष्ठ मानला आहे. हे वर्णन हिऱ्याच्या नैसर्गिक अष्टफलक स्फटिकाचे आहे. याच परंपरेतील मजकुरात लोखंड, पुष्कराज, गोमेद, वैडूर्य, स्फटिक आणि काच यांपासून नकली हिरे बनविले जातात, असा इशारा देऊन क्षार लावणे, ओरखडणे व सहाणेवर घासणे या तीन कसोट्या सांगितल्या आहेत. गरुडपुराणातही हा विषय आला आहे. फ्रेंच अभ्यासक लुई फिनो यांनी १८९६ मध्ये हे रत्नशास्त्रीय ग्रंथ संपादित करून पॅरिस येथे प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य विद्वानांना या परंपरेचा एकत्रित परिचय झाला.

दख्खनच्या दृष्टीने कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासाचा उल्लेख आवश्यक ठरतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या ग्रंथात राजकोशाच्या संदर्भात रत्नांचा विचार केला आहे. उत्तरेत १३१५ च्या सुमारास अलाउद्दीन खिलजीच्या काळात ठक्कुर फेरू याने दिल्ली येथे रत्नपरीक्षेवर प्राकृतात ग्रंथ रचला. शास्त्राची भाषा संस्कृतातून व्यवहाराच्या भाषेकडे सरकत होती, हे त्यावरून दिसते.

२. ‘वर्ण’ शब्दातील सामाजिक आशय

रत्नशास्त्रात हिऱ्याच्या रंगाला ‘वर्ण’ असे म्हटले आहे आणि हाच शब्द समाजरचनेसाठीही वापरला जात होता. त्यामुळे रंगांची वाटणी चातुर्वर्ण्यात करण्यात आली. शुभ्र हिरा ब्राह्मणाला, तांबूस वा पिवळसर क्षत्रियाला, फिकट छटेचा वैश्याला आणि तलवारीच्या पात्यासारखा काळसर शूद्राला योग्य, असे विधान थोड्याफार फरकाने अनेक ग्रंथांत आढळते. दोषयुक्त हिरा धारण केल्यास अनिष्ट घडते, अशीही समजूत होती.

या विवेचनात निरीक्षण आणि विषमता ही दोन्ही एकत्र नांदत होती, हे नमूद केले पाहिजे. रंगातील सूक्ष्म भेद ओळखणे हे निरीक्षण होते. मात्र त्या भेदाला जन्मजात उच्चनीचतेची जोड देणे ही समाजव्यवस्थेची छाप होती. प्रतवारी ही निसर्गातील वस्तूंची असली तरी तिची चौकट ती करणारा समाज पुरवितो, याचे हे ठळक उदाहरण होय.

३. गोवळकोंडा आणि खाणीवरील पारख

सतराव्या शतकात गोवळकोंडा व विजापूर राज्यांतील हिऱ्यांच्या खाणी जगप्रसिद्ध होत्या. फ्रेंच जवाहिर ज्याँ-बाप्तिस्त ताव्हर्निये (१६०५-१६८९) याने कृष्णाकाठच्या कोल्लूरसह अनेक खाणींना भेट दिली. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील व्यवहाराची वर्णने प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहेत.

खाणीजवळच्या गावात व्यापाऱ्यांची दहा ते सोळा वर्षे वयाची मुले सकाळी झाडाखाली बसत. प्रत्येकाजवळ वजने व नाण्यांची थैली असे. विकण्यास आणलेला हिरा त्यांतील सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती दिला जाई आणि तो क्रमाने सर्वांच्या हातांतून फिरे. सायंकाळी दिवसभराची खरेदी एकत्र करून ही मुले हिऱ्यांची पाणी, वजन आणि स्वच्छता यांनुसार वर्गवारी करीत व प्रत्येकाची किंमत ठरवीत. त्यानंतर तो माल मोठ्या व्यापाऱ्यांकडे जाई. आजच्या प्रतवारीतील रंग, वजन व स्वच्छता हे तीन निकष येथे एकत्र आणि स्वतंत्र स्वरूपात आढळतात. विशेष म्हणजे हे ज्ञान ग्रंथातून नव्हे, तर हातात हिरा धरून पुढच्या पिढीकडे जात होते.

परीक्षेच्या प्रकाशाविषयीही ताव्हर्नियेने नोंद केली आहे. युरोपात कच्च्या हिऱ्याचे पाणी व दोष दिवसाच्या उजेडात पाहिले जात. येथील व्यापारी मात्र रात्री भिंतीतील चौकोनी कोनाड्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवून, हिरा बोटांत धरून त्या प्रकाशात पाहत. हिऱ्यातील निळसर झाक ओळखण्यासाठी दाट पानांच्या झाडाच्या हिरव्या सावलीत तो पाहावा, असेही त्याने सांगितले आहे. प्रकाश बदलला की रंग बदलतो, हे सूत्र उभय बाजूंना ठाऊक होते. आज प्रयोगशाळेत दिवसाच्या प्रकाशाशी जुळणारे प्रमाणित दिवे वापरले जातात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

रंग व नितळपणा यांच्या एकत्रित गुणाला ‘पाणी’ म्हणण्याची रीत अनेक भाषांत आहे. फारसीतील ‘आब’, फ्रेंचमधील ‘ओ’ आणि इंग्रजीतील ‘वॉटर’ हे शब्द याच अर्थाने वापरले गेले. मराठीत रत्नाबरोबरच घोड्यालाही आणि माणसालाही ‘पाणीदार’ म्हणतात. ‘आब राखणे’ हा वाक्प्रचारही सर्वपरिचित आहे. ‘पारखी’ हा शब्दही रत्नपरीक्षेच्या व्यवहारातून माणसांच्या परीक्षेपर्यंत पोहोचला आहे.

४. वजन की तेज : दोन मूल्यदृष्टी

हिरा निर्दोष असेल तर भारतीय कारागीर त्याला केवळ वरखाली चाकाचा स्पर्श करीत आणि वजन घटेल म्हणून विशेष घाट देत नसत. दोष असल्यास मात्र तो झाकण्यासाठी अनेक पैलू पाडीत, असे ताव्हर्निये सांगतो. येथे पैलू हे तेजाचे साधन नसून दोष लपविण्याचे साधन होते. युरोपीय दृष्टी पुढे याच्या उलट दिशेने गेली.

या संघर्षाची दोन उदाहरणे भारताशी निगडित आहेत. १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनात कोहिनूरने प्रेक्षकांची निराशा केली. १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले आणि सुमारे १९१ मेट्रिक कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटचा झाला. दुसरे उदाहरण ‘नस्साक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाशिकच्या हिऱ्याचे. परंपरेने त्याचा संबंध त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी जोडला जातो. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १८१८ मध्ये, तो दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला व लंडनला पोहोचला. तेथील रंडेल अँड ब्रिज या पेढीने सुमारे ९० कॅरटच्या या हिऱ्याला वजन शक्य तितके राखून नवा घाट दिला. १९४० मध्ये अमेरिकी जवाहिर हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेऊन पुन्हा घडविला, तेव्हा तो निर्दोष ठरला, पण त्याचे वजन ४३.३८ कॅरट उरले. स्वच्छतेच्या नव्या कल्पनेसाठी निम्म्याहून अधिक वजन खर्ची पडले. त्याबरोबर जुना भारतीय घाटही कायमचा नष्ट झाला.

५. दक्षिण आफ्रिका आणि खाणींच्या नावांची परिभाषा

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये व १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडल्याने भारताची मक्तेदारी संपली. आफ्रिकेतील खाणींमधून प्रचंड प्रमाणात माल येऊ लागला आणि त्यात पिवळसर हिऱ्यांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्या वर्गवारीसाठी व्यापाऱ्यांनी उगमस्थानाची नावे वापरली. यागर्सफॉन्टेन खाणीवरून निळसर झाकेच्या हिऱ्यांना ‘यागर’, नदीपात्रातील मालावरून अतिशुभ्र हिऱ्यांना ‘रिव्हर’, किंबर्लीजवळील खाणीवरून शुभ्र हिऱ्यांना ‘वेसल्टन’ आणि पिवळसर हिऱ्यांना ‘केप’ अशी नावे रूढ झाली. स्वच्छतेसाठी युरोपात ‘भिंगातून स्वच्छ’ या अर्थाची संज्ञा आणि सदोष मालासाठी ‘पिके’ हा फ्रेंच शब्द प्रचारात होता.

कालांतराने ही नावे उगमापासून सुटली. कोणत्याही खाणीतील पिवळसर हिरा ‘केप’ ठरू लागला. अमेरिकेत ए, बी, सी ही अक्षरे, अंक, रोमन अंक आणि ‘ब्लू-व्हाइट’ सारखी विशेषणे प्रत्येक दुकानदार आपापल्या सोयीने वापरीत असे. दुहेरी व तिहेरी ‘ए’ वापरून मालाची बढाई मारली जाई. एका पेढीची पहिली प्रत दुसऱ्या पेढीत तिसरी ठरत असल्याने ग्राहकाला तुलना करणे अशक्य होते.

६. आधुनिक श्रेणीची निर्मिती

रॉबर्ट शिप्ले यांनी १९३१ मध्ये जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका (जीआयए) या संस्थेची स्थापना केली. सराफांना शास्त्रीय शिक्षण देणे हा तिचा हेतू होता. वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूकाम हे चार निकष लक्षात ठेवण्यासाठी ‘फोर सी’ ही संज्ञा त्यांनी १९४० च्या दशकात प्रचारात आणली. त्यांचे सहकारी रिचर्ड लिडिकोट (१९१८-२००२) यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये रंग व स्वच्छता यांची नवी श्रेणी तयार झाली आणि १९५५ पासून प्रतवारीचे अहवाल देण्यास प्रारंभ झाला.

रंगाची श्रेणी ‘डी’ अक्षरापासून सुरू होते. ए, बी, सी या अक्षरांचा व्यापारात इतका गैरवापर झाला होता की नव्या श्रेणीचा त्यांच्याशी संबंध नको, असा विचार त्यामागे होता. डी ते एफ रंगहीन, जी ते जे जवळजवळ रंगहीन, के ते एम अंधूक छटा, एन ते आर अतिफिकट आणि एस ते झेड फिकट, असे गट आहेत. येथे ‘रंग’ याचा अर्थ पिवळसर, तपकिरी वा करड्या छटेचा अभाव असा आहे. झेडच्या पलीकडे गडद छटा असलेले हिरे, तसेच गुलाबी, निळे व हिरवे हिरे ‘फॅन्सी’ म्हणून वेगळ्या पद्धतीने पारखले जातात.

परीक्षेच्या वेळी हिरा पांढऱ्या पार्श्वभूमीवर पालथा ठेवून त्याच्या खालच्या निमुळत्या भागातून पाहतात, कारण वरून पाहिल्यास चमकेमुळे छटा झाकली जाते. शेजारी रंग आधीच निश्चित केलेले प्रमाण-हिरे ठेवून तुलना केली जाते. माणसाच्या डोळ्याला रंग स्वतंत्रपणे लक्षात ठेवणे कठीण जाते, मात्र दोन रंगांतील फरक तो अचूक टिपतो. या मर्यादेची जाणीव ठेवूनच ही पद्धत आखलेली आहे.

स्वच्छतेची परीक्षा दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली ठरते. दोषांचा आकार, संख्या, स्थान, स्वरूप आणि ठळकपणा या पाच बाबी विचारात घेतल्या जातात. भिंगाखालीही अंतर्गत वा पृष्ठभागावरील दोष न दिसणारा हिरा ‘फ्लॉलेस’ होय. ‘इंटर्नली फ्लॉलेस’ मध्ये केवळ पृष्ठभागावर किरकोळ खुणा असतात. त्यानंतर व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय यांच्या प्रत्येकी दोन आणि ‘आय’ च्या तीन, अशा एकूण अकरा पायऱ्या आहेत. ‘इंटर्नली फ्लॉलेस’ ही पायरी १९७० च्या दशकात वाढविण्यात आली. सर्वांत खालच्या गटाचे ‘इम्परफेक्ट’ हे मूळ नाव १९९० च्या दशकात ‘इन्क्लुडेड’ असे सौम्य करण्यात आले. म्हणजेच वस्तू तीच राहिली, पण तिच्यावरील निवाड्याची भाषा बदलली.

या काळात रंगाच्या कारणांचाही उलगडा झाला. १९३४ मध्ये हिऱ्यांचे दोन मुख्य प्रकार ओळखले गेले आणि १९५९ मध्ये त्यांतील भेद नायट्रोजनच्या अस्तित्वामुळे असल्याचे सिद्ध झाले. स्फटिकातील नायट्रोजनचे विशिष्ट समूह निळा प्रकाश शोषतात, त्यामुळे हिरा पिवळसर दिसतो. गोवळकोंड्याचे अनेक प्रसिद्ध हिरे नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या प्रकारात मोडतात. पूर्वीच्या पारख्यांनी ज्याला उत्तम पाणी म्हटले, त्याचे कारण अशा रीतीने विज्ञानाला सापडले.

७. प्रतवारीच्या मर्यादा

अहवालातील अक्षर निरपवाद सत्य असल्याची भावना बाजारात रूढ झाली असली तरी प्रतवारी हे मोजमाप नसून मत आहे. ‘होप’ या निळ्या हिऱ्याचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. ताव्हर्नियेने भारतातून नेलेल्या हिऱ्यापासून तो घडला असून त्याचे वजन ४५.५२ कॅरट आहे. १९८८ मध्ये त्याचा रंग ‘फॅन्सी डार्क’ करडा-निळा, तर १९९६ मध्ये ‘फॅन्सी डीप’ करडा-निळा असा नोंदविला गेला. हिऱ्यात काहीही बदल झाला नव्हता. मध्यंतरी संज्ञा सुधारण्यात आल्या होत्या.

मानवी हस्तक्षेपानेही निकषांपुढे आव्हान उभे केले. लेझरने काळे ठिपके काढणे, भेगांत काचेसारखा पदार्थ भरणे आणि १९९९ पासून बाजारात आलेली, उच्च दाब-तापमानाने तपकिरी हिरा रंगहीन करण्याची प्रक्रिया ही त्याची उदाहरणे होत. २००५ मध्ये प्रतवारी उंचावण्यासाठी पैसे दिल्याच्या आरोपांनंतर जीआयएने अंतर्गत चौकशी करून काही कर्मचाऱ्यांना सेवेतून कमी केले. व्यक्तीवरील विश्वासाची जागा संस्थेवरील विश्वासाने घेतली, तरी विश्वासभंगाची शक्यता संपली नाही.

८. भारताचे पुनरागमन आणि नवे वळण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारत पुन्हा हिरेव्यवसायाच्या केंद्रस्थानी आला, मात्र खाणींमुळे नव्हे तर कारागिरांमुळे. ऑस्ट्रेलियातील अर्गाइल खाणीतून (१९८३-२०२०) येणारा लहान व तपकिरी माल सुरतेच्या कारागिरांनी विक्रीयोग्य केला. मुंबईत ऑपेरा हाउस परिसरात वाढलेला व्यापार २०१० पासून वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये स्थलांतरित झाला. २००८ मध्ये जीआयएची प्रयोगशाळा मुंबईत सुरू झाली. २०२० मध्ये पैलू पाडलेल्या हिऱ्यांच्या प्रतवारीसाठी आयएसओ २४०१६ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झाले. हिरा घडविणारे हात भारतीय असले तरी त्याची प्रत सांगणारी परिभाषा बाहेरून आलेली आहे, ही विसंगती येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्यांनी या परिभाषेलाच प्रश्न विचारला. नैसर्गिक हिऱ्यात उच्च रंग व स्वच्छता दुर्मीळ असते आणि श्रेणीचे मूल्य या दुर्मीळतेवर उभे आहे. कारखान्यात मात्र बहुतांश माल वरच्या प्रतींतच तयार होऊ लागला. जीआयएने २००७ मध्ये अशा हिऱ्यांसाठी वर्णनात्मक संज्ञा वापरल्या, २०२० मध्ये नैसर्गिक हिऱ्यांप्रमाणेच तपशीलवार श्रेणी लागू केली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती मागे घेऊन ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ या दोनच गटांचा अवलंब केला. सूक्ष्म पायऱ्यांची श्रेणी दुर्मीळतेसाठी होती, केवळ सौंदर्यासाठी नव्हती, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय.

निष्कर्ष :

१. वजन, रंग व स्वच्छता यांवर आधारित हिरेपरीक्षा भारतात ग्रंथपरंपरा आणि व्यापारी व्यवहार या दोन्ही स्तरांवर विकसित झालेली होती. आधुनिक पद्धतीचे वेगळेपण निकषांत नसून समान परिभाषा, प्रमाण-हिरे आणि लेखी अहवाल यांत आहे.

२. प्रत्येक काळातील प्रतवारीवर त्या समाजाची छाप आढळते. प्राचीन ग्रंथांत ती वर्णव्यवस्थेची, आफ्रिकी खाणींच्या काळात पुरवठ्याची आणि विसाव्या शतकात ग्राहकबाजाराची आहे.

३. निर्दोषत्वाची कल्पना स्थिर नाही. कोहिनूर व नाशिकचा हिरा यांच्या पुनर्घडणीवरून ही कल्पना बदलली की वस्तूचा इतिहासही पुसला जाऊ शकतो, हे स्पष्ट होते.

४. श्रेणीमुळे ग्राहकाला तुलनेचे साधन मिळाले, ही तिची मोठी सामाजिक उपयुक्तता आहे. तथापि अहवाल हे परीक्षकांचे प्रशिक्षित मत असल्याचे भान सुटता कामा नये.

झाडाखाली बसून पाणी, वजन व स्वच्छता पाहणारी मुले आणि प्रमाणित दिव्याखाली बसलेला तंत्रज्ञ यांच्यात सुमारे साडेतीन शतकांचे अंतर आहे. साधने बदलली, भाषा बदलली. पण हिऱ्याचे मोल ठरविण्यासाठी अखेर शिकलेल्या डोळ्याची आणि त्यावर ठेवलेल्या विश्वासाची गरज आजही कायम आहे.